खोक्यांतून आलेली मोटार

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मुलीकडे इंग्लंडला गेलो, ते २०११ साल. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवर, नात शाळेत. चिचेस्टर गाव देखणं, पण कॅथीड्रल पाहिलं, जुन्या रोमन तटावरून एक फेरी मारली की चार दिवसांत संपलं. पस्तीस वर्षं पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाच्या हाताला काम नसलं की त्याला चहासुद्धा गोड लागत नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या शेडमधून कानस चालवल्याचा ओळखीचा आवाज आला आणि मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो.

आत सत्तरीचे एक गृहस्थ होते. बाकावर, फळीवर, जमिनीवर जिकडेतिकडे खोकी. बिस्किटांच्या डब्यांत नटबोल्ट, जुन्या सुटकेसमध्ये गिअर, भिंतीला टेकवलेली एक पोरकी चासी. ही सगळी मिळून एक मोटार होती, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मला हसू आलं. माझं हसू त्यांना दिसलं असावं. त्यांनी एक चिंधी माझ्या हातात दिली आणि पुसायला एक भाग पुढे केला. तो उन्हाळा मी त्या शेडमध्ये काढला.

मोटार होती ऑस्टिन सेव्हन, १९३० सालची. हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९२२ साली ही चिमुकली गाडी बाजारात आणली आणि मोटारसायकलला जोडगाडी लावून बायकापोरांना हिंडवणाऱ्या मध्यमवर्गीय इंग्रजाला चार चाकांवर बसवलं. ७४७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद जेमतेम दहा अश्वशक्तीच्या आसपास, ब्रेक तारेवर चालणारे. आपल्याकडे पुढे स्कूटरनं जे केलं, ते तिकडे या गाडीनं केलं म्हणा ना! १९३९ पर्यंत ती निघत राहिली. याच गाडीची एक शर्यतीची बहीण होती. १९२९ साली उत्तर आयर्लंडमधल्या शर्यतीत ऑस्टिननं तिसरा क्रमांक पटकावला, म्हणून तिला अल्स्टर हे नाव मिळालं. बसकी, दार नसलेली, अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, मागे निमुळती. माझ्या शेजाऱ्यांना आपल्या साध्या सेव्हनच्या चासीवर हे अल्स्टरचं रूप उभं करायचं होतं. जुन्या मोटारींच्या शर्यतीत ती पळवायची, एवढीच त्यांची इच्छा.

अशा शर्यती इंग्लंडात मोठ्या हौसेनं होतात. १९३४ साली स्थापन झालेला व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब त्यांतला सर्वांत जुना. पण हौस म्हटली तरी नियम कडक. गाडी ज्या काळातली म्हणून उतरवायची, त्या काळाशी तिची बांधणी जुळली पाहिजे. इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, अॅक्सल कुठला, हे सगळं कागदावर मांडावं लागतं आणि जाणकार ते तपासतात. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या शर्यतींसाठी तर गाडीचा चक्क पासपोर्ट असतो. नव्यानं बांधलेली गाडी जुनी अस्सल म्हणून खपवणं हे तिथं पाप. माझे शेजारी स्वतःच सांगत, की आपली गाडी अस्सल अल्स्टर नाही, तिच्यासारखी बांधलेली आहे. कागदावरही त्यांनी तसंच लिहिलं होतं.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण नटावरून झालं. स्टिअरिंगच्या जोडाला त्यांनी कॅसल नट लावून स्प्लिट पिन घालायला घेतली. मी म्हटलं, नायलॉनची रिंग असलेला नायलॉक नट लावा, एका मिनिटात काम होईल, सुटायचाही नाही. त्यांनी मान हलवली. १९३० साली या जागी तो नट नव्हता, विषय संपला. मला तो हट्टीपणा वाटला. पण मग त्यांच्या जुन्या लेथवर मी बीएसएफ आट्यांचा एक बोल्ट काढून दिला. शिकाऊ असताना इंग्रजी यंत्रांवर ते आटे मी गिरवले होते आणि मेट्रिक आल्यावर विसरलोही होतो. बोल्ट भोकात बोटानं फिरवला आणि शेवटपर्यंत अलगद गेला, तेव्हा त्या हट्टातली गोडी थोडी मलाही कळली. जुन्या मापानं काम करायचं तर जुन्या माणसासारखा विचार करावा लागतो.

ऑगस्टच्या अखेरीस गाडी उभी राहिली. शेतातल्या एका खासगी रस्त्यावर चाचणी घ्यायचं ठरलं. इंजिन तापवून झालं, मी बॉनेट मिटलं, वरून कातडी पट्टा ओढला आणि बाजूला झालो. ते गाडी घेऊन गेले. वळणापलीकडे आवाज चढला आणि मग एकदम पत्रा आपटल्याचा धडाधड आवाज. इंजिन थांबलं. मी धावत गेलो. पट्टा मी बकलातून ओवला होता, पण बकलाची पिन भोकात घातलीच नव्हती. बॉनेटची एक बाजू वाऱ्यानं उचलली होती. आणखी वेग असता तर ते थेट त्यांच्या तोंडावर आलं असतं. पस्तीस वर्षं मी पोरांना शिकवत आलो, की काम संपलं असं म्हणण्याआधी हात एकदा परत फिरवावा. आणि माझाच हात चुकला.

ते काही बोलले नाहीत. पट्टा आवळला, पिन घातली, गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला आपल्या रोजच्या गाडीत बसवून गावाबाहेर गुडवूडला घेऊन गेले. गुडवूड म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. त्याच्या कडेच्या रस्त्यावर १९४८ साली शर्यती सुरू झाल्या, १९६६ साली बंद पडल्या आणि १९९८ साली जुन्या मोटारींसाठी पुन्हा सुरू झाल्या. एका लांब सरळ पट्ट्याच्या कडेला आम्ही उभे राहिलो. याचं नाव लॅव्हंट स्ट्रेट. तिथं उभं राहून त्यांनी मला ब्रूस मॅक्लारेनची गोष्ट सांगितली. पुढे मी ती मिळेल तिथून वाचून काढली. आज ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. वडील लेस यांचं रेमुएरा भागात पेट्रोल पंप आणि गॅरेज. ऐन खेळण्याच्या वयात, नऊ वर्षांचा असताना, पोराच्या कमरेच्या सांध्याला पर्थेस नावाचा आजार जडला. हाडाचा गोळाच झिजतो यात. सुमारे दोन वर्षं तो अपंग मुलांच्या एका संस्थेत खाटेला खिळून होता. उठला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड झालेला. जन्मभर तो थोडा लंगडत चालला. रग्बी म्हणजे ज्या देशाचा धर्म, तिथल्या मुलाला मैदान बंद झालं. राहिलं वडिलांचं गॅरेज.

अशात लेस यांनी एक मोडकी मोटार आणली. सुटे भाग, खोक्यांत भरलेले. जोडून चार पैसे करावेत हा हिशेब. ती मोटार म्हणजे १९२९ सालची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर! बापलेकांनी मिळून ती जोडली. लेस यांनी पहिल्यांदा चालवून पाहिली आणि तिच्या ब्रेकना वैतागून ती विकायचं ठरवलं. मुलानं हट्ट धरला. गाडी राहिली. त्यानंतर तिच्यात काय बदललं नसेल! जे बिघडायचं ते पोरानं उलगडून पाहायचं, का बिघडलं ते शोधायचं आणि आधीपेक्षा बरं करून लावायचं. १९५२ साली, चौदा वर्षांचा असताना, मुरिवाईच्या टेकडीवर चढणीच्या शर्यतीत तो या गाडीतून उतरला आणि आपल्या गटात पहिला आला. ज्याला धड धावता येत नव्हतं त्याला वेग सापडला, तो असा.

पुढे तो इंजिनीअरिंग शिकायला लागला, पण मन शर्यतीत. १९५८ साली न्यूझीलंडच्या मोटार शर्यतवाल्यांनी एका होतकरू तरुणाला युरोपला पाठवण्याची योजना काढली, तिचा पहिला मानकरी ब्रूस. इंग्लंडात तो कूपर कंपनीच्या आश्रयाला आला. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहॅम तिथं थोरल्या भावासारखा पाठीशी होता. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत सेब्रिंगला शेवटच्या फेरीत ब्रॅबहॅमचं पेट्रोल संपलं. तो गाडीतून उतरून ती ढकलू लागला आणि मागून आलेला ब्रूस पहिला ठरला. वय २२ वर्षं. ग्रां प्री जिंकणारा सर्वांत लहान चालक हा त्याचा मान २००३ सालापर्यंत टिकला.

पण ब्रूस नुसता चालक नव्हता. बहुतेक चालक गाडी हळू आहे एवढंच सांगतात, हा ती का हळू आहे ते सांगायचा. १९६३ साली त्यानं स्वतःचा संघ काढला. न्यू मॉल्डनमधली पहिली जागा म्हणजे मातीच्या जमिनीची एक शेड, तीही रस्ताबांधणीच्या यंत्राबरोबर वाटून घेतलेली. पुढच्याच वर्षी काळानं पहिला घाव घातला. टास्मानियात लाँगफर्डला सरावात त्याचा तरुण अमेरिकन सहकारी टिमी मेयर ठार झाला. त्याच संघातून त्या मोसमाचं अजिंक्यपद ब्रूसनं मिळवलं होतं. त्याचा आनंद कोणाला राहिला नाही. टिमीचा भाऊ टेडी मात्र संघ सोडून गेला नाही. पुढे कित्येक वर्षं त्यानं तो सांभाळला.

१९६४ सालीच ब्रूसनं अमेरिकेतून एक विचित्र मोटार विकत घेतली, झेरेक्स स्पेशल. मुळात ती कूपरची एकआसनी ग्रां प्री गाडी. १९६१ साली अपघातात चेपली. रॉजर पेन्स्की यांनी तिच्यावर रुंद अंग चढवून ती स्पोर्ट्स मोटार म्हणून १९६२ साली पळवली, पण चालक अजून मधोमधच बसलेला. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा दुसरं आसन आलं. ब्रूसच्या मंडळींनी मग तिचा मधला सांगाडाच कापून टाकला, नव्या नळ्यांचा भक्कम सांगाडा जोडला आणि आत ओल्ड्समोबाइलचं अॅल्युमिनियमचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. कॅनडात मोस्पोर्टला ती जिंकली. तिच्यापासून धडा घेऊन त्याच वर्षी मॅक्लारेन नावाची पहिली स्पोर्ट्स मोटार बांधली गेली.

इथं मी शेजाऱ्यांना अडवलं. म्हटलं, उद्या कोणी ही झेरेक्स स्पेशल जुन्या काळाप्रमाणे पुन्हा बांधायला घेतली, तर कुठल्या काळाप्रमाणे? एकआसनी की दोनआसनी? कापलेली की न कापलेली? तीन वर्षांत जी गाडी चार गाड्या झाली, तिचं खरं रूप कुठलं? ते हसले. त्यांच्या मते जुन्या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांची निम्मी भांडणं याच प्रश्नावर होतात. म्हणून एक तारीख धरायची आणि त्या दिवशी ती जशी उभी होती तशी बांधायची, दुसरा इलाज नाही.

मग त्यांनी झाकणाची गोष्ट सांगितली. एकदा चाचणी घेताना ब्रूसच्या लक्षात आलं, की गाडीच्या नाकावरचं पेट्रोल भरण्याचं छोटं झाकण वेगात फडफडतंय. दुसरा कोणी असता तर मेकॅनिकला चार शब्द सुनावून मोकळा झाला असता. ब्रूस विचार करू लागला. समोरून वारा येतोय, तर झाकण दाबलं जायला हवं, ते वर का उचललं जातंय? म्हणजे वरच्यापेक्षा आतल्या हवेचा दाब जास्त आहे. आत आलेल्या हवेला वाट नाही. तो थांबला, कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागचा पत्रा कापून टाकला. गाडी लगेच जलद पळू लागली. एका सैल झाकणावरून एवढं वाचणारा माणूस होता तो.

यशाची वर्षं मग भराभर आली. १९६६ साली क्रिस अॅमनबरोबर फोर्डच्या गाडीतून ल मान्सची २४ तासांची शर्यत त्यानं जिंकली. त्याच वर्षी मोनॅकोला त्याच्या नावाची पहिली ग्रां प्री गाडी उतरली. १९६८ साली बेल्जियममध्ये स्पाला तो स्वतःच्या नावाच्या गाडीतून पहिला आला. पुढचा स्टुअर्ट पेट्रोलसाठी थांबला होता, हे ब्रूसला शर्यत संपेपर्यंत ठाऊकच नव्हतं. आणि अमेरिका-कॅनडातल्या कॅन-अॅम मालिकेत तर त्याच्या नारिंगी मोटारींनी कहर केला. १९६९ साली अकराच्या अकरा शर्यती मॅक्लारेननं जिंकल्या. सहा ब्रूसनं, पाच त्याचा देशबंधू डेनी हल्म यानं. घरी बायको पॅट्रिशिया आणि लहानगी अमांडा. सगळं जमून आलं होतं.

२ जून १९७०, मंगळवार. नव्या मोसमासाठी तयार केलेली एम८डी मोटार घेऊन ब्रूस गुडवूडला आला. शर्यती बंद पडल्या असल्या तरी चाचणीसाठी हा रस्ता मिळत असे. हल्मचे हात इंडियानापोलिसच्या आगीत भाजलेले, त्यामुळे सगळा भार याच्यावर. लॅव्हंट स्ट्रेटवर पूर्ण वेगात असताना मोटारीच्या मागच्या अंगाचं आवरण सुटून उडालं. त्या आवरणावरच मागची चाकं जमिनीला दाबून धरलेली होती. गाडी भिरभिरली आणि कडेच्या एका चौकीवर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय ३२. अमांडा तेव्हा चार वर्षांची होती.

शेजारी एवढं सांगून थांबले. आमच्या समोर तोच रस्ता होता, आणि लांब कुठंतरी चंडोल ओरडत होता. मला माझा कातडी पट्टा आठवला. ज्या माणसाला एका सैल झाकणानं विद्या दिली, त्याला एका सुटलेल्या आवरणानंच नेलं. चूक कोणाची, हे ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण आदल्या दिवशी मला काहीही न बोलता इथं का आणलं, ते मात्र पुरतं कळलं.

ब्रूसच्या माणसांना दुसऱ्या दिवशी सुटी दिली होती. सगळेच्या सगळे कामावर आले. बारा दिवसांनी, १४ जूनला, मोस्पोर्टला त्याच्या जागी डॅन गर्नी बसला आणि जिंकला. भाजलेल्या हातांनी हल्म त्या वर्षीचं अजिंक्यपद घेऊन गेला. मालकाचा फोटो भिंतीवर लावून दुकान बंद करावं, अशी ती मंडळी नव्हती. २०२४ साली त्याच नावाच्या संघानं ग्रां प्रीतलं बांधणी करणाऱ्यांचं जगज्जेतेपद मिळवलं. आणि बापलेकांनी खोक्यांतून जोडलेली ती अल्स्टर? वोकिंगच्या कारखान्यात कंपनीनं ती जपून ठेवली.

सप्टेंबरमध्ये परतण्याआधी गुडवूडच्या मोठ्या मेळाव्याला शेजाऱ्यांनी मला नेलं. व्हिट्सन ट्रॉफी नावाच्या शर्यतीत साठच्या दशकातल्या बलदंड स्पोर्ट्स मोटारी धावतात. त्यांत ब्रूसच्या पहिल्या स्पोर्ट्स मोटारींपैकी काही होत्या. टायर जुन्या घडणीचे, अरुंद. वळणावर गाड्या आडव्या होऊन घसरत जात होत्या आणि लॅव्हंट स्ट्रेटवर त्या आवाजानं छाती दणाणत होती. मला गंमत वाटली. ब्रूसनं आयुष्यात एक गाडी दोन आठवडे तशीच ठेवली नसेल. आज त्याच्या गाडीचा एक कंससुद्धा बदलायला परवानगी लागते. तो असता तर या नियमांना कंटाळला असता, की एखादी पळवाट शोधून काढली असती?

मी शेजाऱ्यांना तसं म्हटलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, समोरच्या तंबूकडे बोट दाखवलं. तिथं एक तरुण मेकॅनिक मॅक्लारेनच्या मागच्या आवरणाच्या कड्या एकेक करून हातानं ओढून पाहत होता. सगळ्या पाहून झाल्यावर त्यानं फेरी मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गाडीच्या पाठीवर लोखंडी कमान होती, आत आग विझवण्याचं नळकांडं होतं. मूळ गाडीत यांतलं किती नसेल! जिवाच्या रक्षणापुरतं नव्याला दार उघडं ठेवण्याचा शहाणपणा नियम करणाऱ्यांनी दाखवला आहे. मला नायलॉक नटाचं भांडण आठवलं. स्प्लिट पिन जुनी म्हणून चांगली नव्हे. ती घालताना माणसाला वाकून पाहावं लागतं, टोकं वळवावी लागतात, म्हणजे तेवढा वेळ त्याची नजर त्या जोडावर राहते. जुन्या पद्धतीत जपण्याजोगं काही असेल तर ते हेच, असं मला त्या दिवशी वाटलं. धातू आज मिळतो, यंत्रंही मिळतात. ती नजर मात्र प्रत्येकाला स्वतःच्या अंगात भिनवावी लागते आणि सुटली की किती महागात पडते, ते आम्ही उभे होतो त्या जागेला माहीत होतं.

पुण्याला आलो. पुढच्या वर्षी एक पाकीट आलं. आत फोटो. हिरव्यागार टेकडीचा रस्ता, दारावर नंबर चिकटवायला दारच नाही म्हणून शेपटीवर नंबर रंगवलेली ती चिमुकली मोटार, आणि आत चष्मा लावलेले माझे शेजारी, तोंड वाऱ्यानं वाकडं झालेलं. बायकोनं विचारलं, शर्यतीत कितवे आले? पत्रात त्यांनी ते लिहिलंच नव्हतं. मी भिंग घेऊन खिडकीपाशी गेलो आणि आधी बॉनेटचा पट्टा पाहिला. पिन भोकात होती.